तिसरी-चौथीची मुलं गटात मिळून स्वतःचं संगीत कसं तयार करतात? नुसता गोंगाट होत नाही का?

होतो की! पहिली पाच-दहा मिनिटं गोंगाटच असतो आणि तो होऊ द्यावा. या वयातली मुलं बोलून कमी ठरवतात, वाजवून जास्त. एकाने बाकावर ताल धरला की शेजारचा आधी तोच उचलतो, मग त्यात एक टाळी जास्तीची घालतो. चर्चा म्हणाल तर "ए, तू लवकर येतोस!" एवढीच. बाकी सगळं मान आणि भुवयांवर चालतं.

भांडणं सुरांवरून क्वचित होतात, वाद्यावरून हमखास. ढोलकी एक, उमेदवार चार! म्हणून गट चार-पाच जणांचाच करा आणि प्रत्येकाच्या हाती काहीतरी द्या. झांज, खुळखुळा, पत्र्याचा डबाही चालेल.

जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीत झायलोफोनच्या (काठीने वाजवायचं पट्ट्यांचं वाद्य) नको असलेल्या पट्ट्या काढून ठेवतात, बहुतेकदा पाचच स्वर उरतात. आपल्याकडे पेटीवर सा रे ग प ध या पट्ट्यांवर खुणेचा कागद चिकटवा आणि तेवढ्याच वाजवायला सांगा, म्हणजे भूप रागाचेच स्वर झाले. मग कुणी काहीही वाजवलं तरी फारसं खटकत नाही आणि "तू चुकलास" हा वादच उरत नाही.

विषय नेमका हवा. "पावसावर काहीतरी करा" असं सोडू नका; "पाऊस लांबून येतो, कोसळतो, थांबतो" एवढं सांगा. सुरुवात सगळ्यांना जमते, थांबायचं कुणालाच सुचत नाही. तिथे "खूण कोण करणार?" एवढंच विचारा आणि बाजूला व्हा.