उपास नेमका कोणासाठी धरायचा?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सिडकोत राहते, नाव छापू नका. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, गेली तीसेक वर्षं संकष्टी आणि एकादशी दोन्ही धरतात. शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन चालू आहे. मागच्या संकष्टीला सकाळी इंजेक्शन घेतलं आणि दिवसभर पोटात नुसता चहा, संध्याकाळी देवघरासमोरच घामाघूम होऊन पडल्या, शुगर ४८ निघाली, रात्रभर दवाखान्यात काढली. घरी आल्या आल्या म्हणतात पुढची संकष्टी पण मी मोडणार नाही, सासऱ्यांची बायपास झाली तेव्हा बाप्पाला शब्द दिलाय. मिस्टर म्हणतात आईची श्रद्धा आहे, आपण मध्ये पडायचं नाही. मुलगा अकरावीत आहे, तो म्हणतो देव माणसाने भीतीपोटी तयार केला आणि आता त्यालाच घाबरतोय. मला दोघांचंही पटत नाही. खरं सांगा, धर्म आपल्या गरजेसाठी असतो की देवाची काही मागणी असते म्हणून?

उत्तर : ताई, आधी तब्येतीचं बोलूया, बाकीचं नंतर. इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि उपास आहे म्हणून मनाने इंजेक्शन बंद करणं हे पण तितकंच वाईट. डॉक्टरांना सरळ सांगा की या उपास सोडत नाहीत, मग डोस, खाणं, वेळ ते बघतील. साबुदाण्याची खिचडी म्हणजे हलकं खाणं असं आपण समजतो पण तो नुसता स्टार्च असतो, खाल्ला की शुगर चढते, म्हणजे दिवसभर खाली आणि रात्री एकदम वर. घरात साखर आणि ग्लुकोमीटर हाताशी ठेवा, घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर चंद्रोदयाची वाट बघत बसू नका.

आता सासूबाईंशी बोलायचं कसं. तुमच्या मुलाची भाषा वापरून काही होणार नाही, त्यांच्याच शास्त्रातलं सांगा. धर्मशास्त्रात एक जुना श्लोक आहे, महाभारतात विदुर पण तो सांगतो, व्रत कशाने मोडत नाही याची यादी आहे त्यात. पाणी, मुळं, फळं, दूध, हवि म्हणजे होमात अर्पण करायचं अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि आठवं औषध. औषध! म्हणजे ज्यांनी व्रतं लिहून ठेवली त्यांनीच आजारी माणसासाठी जागा सोडली होती. ज्याला स्वतःला जमत नाही त्याच्या वतीने मुलाने, सुनेने व्रत करावं ही पण सोय आहेच. रमजानमध्ये बघा, आजारी माणूस आणि प्रवासी यांना रोजे नंतर भरून काढायची मुभा आहे आणि ज्याला कधीच जमणार नाही त्याने गरिबाला जेवू घालावं. आणि संकष्टीचंच घ्या ना, पावसाळ्यात आपल्याकडे आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत, चंद्र दिसतो का? मग आपण कॅलेंडरमध्ये नाशिकची चंद्रोदयाची वेळ बघतो, ढगाकडे तोंड करून अर्घ्य देतो आणि जेवतो, आणि कुणालाही वाटत नाही की देवाला फसवलं.

मुलाला पण सांगा की तो जे म्हणतोय ते नवीन नाही. जर्मनीत फॉयरबाख नावाच्या विचारवंताने १८४१ मध्ये हेच मांडलं होतं की माणूस आपल्याच इच्छा आणि गुण आभाळात नेऊन ठेवतो आणि त्याला देव म्हणतो. आणि आपल्याकडे तर मीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणारे पंडित, त्याहून कितीतरी आधी म्हणत होते की यज्ञाचं फळ कर्मातून मिळतं, देवता खूश होऊन ते देते असं नाही, देवतेचं स्थान तिथे दुय्यमच. तेव्हा प्रश्न विचारला म्हणून पोरगं बिघडलं असं घरात कुणी म्हणू नका. पण भीतीपोटी तयार केला एवढ्यावर तो थांबतोय ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते मी पंचवटीत राहून जे बघितलंय त्यावरून सांगते.

आमच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. पिंड ठेवले, सगळे मागे सरकून उभे, कावळा काही येईना. ऊन चढत चाललेलं, भातावर माशा बसायला लागल्या, समोरच्या पत्र्यावर दोन कावळे बसलेत आणि खाली उतरत नाहीत. तुम्हाला माहितीये अशा वेळी काय होतं, जो तो पुढे होऊन बोलायला लागतो. काका म्हणाले नाना, नातीचं लग्न आम्ही करू. आत्या काहीतरी म्हणाली. शेवटी माझा भाऊ, जो वर्षभर आईशी धड बोलत नव्हता जमिनीच्या वाटणीवरून, तो हात जोडून पुढे गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, नाना, आईला मी एकटं ठेवणार नाही. आम्ही सगळे श्वास धरून पत्र्याकडे बघतोय. कावळा तरीही आला नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि विधी पूर्ण झाला. पण शब्द दिला गेला होता. आई पुढे नऊ वर्षं भावाकडेच होती, शेवटपर्यंत.

आता ती मागणी कोणाची होती, देवाची, नानांची की आमचीच? मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं मात्र कळतं की आमची गरज म्हणून आम्ही घरात बसून भावाला हेच सांगितलं असतं, वर्षभर सांगतच होतो, तर तो बोलला नसता. आपल्यापेक्षा मोठं कुणीतरी मागतंय असं वाटलं तेव्हाच त्याच्या तोंडून ते निघालं. म्हणून धर्म नुसता आपल्या सोयीचा असं मी म्हणत नाही, मागणी लागतेच त्यात. आणि तरी कावळा आला नाही तर दर्भाचा करायची वाट पण त्याच धर्माने ठेवलीये, माणसाला दिवसभर उन्हात उभं नाही ठेवलं.

जिथे अशी वाटच नसते तिथे मला शंका येते. रामकुंडापासून पाच मिनिटांवर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नाशकात उभा केला आणि चालवला, वर्षानुवर्षं लोक दारात बसले, मार खाल्ला, दार उघडलं नाही. दार धरून ठेवणारे काय म्हणत होते? धर्मच तसं सांगतो. रामाने मागितलं होतं का ते? मूर्ती आतच होती, काही बोलली नव्हती. बोलत होती ती बाहेरची माणसं, आणि दार बंद राहण्यात त्यांचं स्वतःचं मोठेपण होतं. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. ज्या गावात हे घडलं त्या गावात राहून देवाची मागणी हा शब्द मी तरी सहज नाही वापरू शकत. कोणी म्हणालं देवाला अमुक हवंय, की मी आधी बघते कोण म्हणतंय, आणि ते दिल्याने कोणाच्या हातात काय पडतंय, आणि कोणाच्या जिवावर उठतंय.

तुमच्या सासूबाईंचा शब्द तसला नाही हे मला कळतंय. नवरा ऑपरेशन टेबलवर असताना बाहेर बसलेल्या बाईने तो दिलाय. म्हणून मिस्टरांना सांगा की श्रद्धा आहे म्हणून गप्प बसायचं नसतं, उलट श्रद्धा आहे म्हणूनच तो शब्द त्यांच्या वतीने कुणीतरी उचलायला पाहिजे. उद्यापन करा. घरी गुरुजी बोलवा, एकवीस मोदक करा, त्यांच्या हातून व्रताची सांगता होऊ दे आणि त्याच वेळी तुमच्या मिस्टरांनी सगळ्यांसमोर म्हणावं की आई, तुझी संकष्टी आजपासून मी धरतो. एकादशीचं पण तसंच. आरती सासूबाईंनीच करायची, अर्घ्य त्यांनीच द्यायचं, नैवेद्याचं ताट त्यांनीच वाढायचं. फक्त दुपारी वेळेवर जेवायचं. श्लोक मुलाला वाचून दाखवू दे, आजी नातवाचं जास्त ऐकते.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात वडिलांना पर्वणीलाच स्नान करायचंय, वय ७८, गुडघे गेलेत. त्याच दिवशी केलं तरच देवाला पोचतं म्हणतात. न्यावं का? – नाशिकरोड

उत्तर : पर्वणीला नका नेऊ. २७ ऑगस्ट २००३ ला इथल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, आणि ती सगळी पुण्य घ्यायलाच आलेली होती. गुरु सिंह राशीत साधारण वर्षभर असतो, तो सगळाच काळ सिंहस्थाचा. एखादा साधा मंगळवार-बुधवार धरा, पहाटे या, गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवणार नसतील तर तांब्यात पाणी आणून काठावर डोक्यावर घाला. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंडच कोरडं पडलं होतं तेव्हा आम्ही पंचवटीतल्या बायका घरून कळशीत पाणी नेऊन नुसत्या पायरीवर ओतून नमस्कार करत होतो. वडिलांना रिक्षाने आणा, आणि सोबत कोरडे कपडे आणि एक स्टूल आणा, तिथे बसायला काही मिळत नाही.