लुंबिनीचा खांब आणि निगलीसागरचा खांब

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बुद्धचरित्रावरच्या तुझ्या लेखनाचं दुसरं प्रकरण वाचून झालं. त्यात एका वाक्याखाली मी लाल रेघ ओढली आहे: ‘लुंबिनीच्या अशोकस्तंभामुळे बुद्धचरित्राची ऐतिहासिकता निर्विवाद सिद्ध होते.’ आणि चारच पानांनंतर तू म्हणतेस की पाली ग्रंथ काही शतकांनी लेखनबद्ध झाले, म्हणून पुरावा म्हणून ते बाद. म्हणजे दगडावर कोरलेलं सगळं खरं आणि पाठांतराने आलेलं सगळं खोटं! इतकी सोपी वाटणी असती तर आपल्या इतिहासकारांच्या धंद्याला कुणी विचारलंही नसतं.

आधी दगडाचं बघू. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक लुंबिनीला स्वतः आला, त्याने पूजा केली, खांब उभारला. ‘हिद बुधे जाते सक्यमुनी ति’, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, असं त्यावर कोरलं आहे. पुढे गावाचा ‘बली’ हा कर माफ केला आणि उत्पन्नातला राजाचा वाटा एक अष्टमांशावर आणला. मला या लेखातली ही करमाफीची ओळ सगळ्यात मोलाची वाटते. राजा भावनेच्या भरात खांब उभारेल, पण महसूल सोडतो तेव्हा त्या जागेबद्दल कुणालाच शंका नव्हती असं मानायला हरकत नाही. इसवी सनापूर्वी 249 च्या सुमारास, बुद्ध याच गावात जन्मले हे लोक धरून चालले होते, एवढं या लेखाने पक्कं होतं.

आता तिथून फार दूर नसलेल्या निगलीसागर तळ्याकाठचा मोडका खांब बघ. लेखही अशोकाचाच, भाषाही तीच. अभिषेकानंतर चौदाव्या वर्षी त्याने ‘बुध कोनाकमन’ यांचा स्तूप वाढवून दुप्पट केला आणि पुढे स्वतः येऊन पूजा केली, असं तो सांगतो. हे कोनागमन म्हणजे गोतमाच्या आधी होऊन गेलेले मानले जाणारे बुद्ध. दीघनिकाय या पाली संग्रहातल्या महापदानसुत्तात (सुत्त म्हणजे उपदेशाचा पाठ) त्यांच्या काळातलं माणसाचं आयुर्मान तीस हजार वर्षं दिलं आहे. लुंबिनीच्या लेखाने शाक्यमुनी ‘निर्विवाद सिद्ध’ होत असतील, तर निगलीसागरच्या लेखाने कोनागमनही व्हायला हवेत. ते तुला मान्य नाही, मलाही नाही. दोन्ही लेख अस्सल आहेत आणि दोन्ही अशोकाच्या काळातल्या श्रद्धेची साक्ष देतात. श्रद्धेपासून घटनेपर्यंतचं अंतर दुसऱ्या पुराव्याने कापावं लागतं.

तो दुसरा पुरावा ग्रंथांतच शोधावा लागतो, आणि तिथे तू फारच लवकर हात झटकलेस. त्रिपिटक इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत वट्टगामणी राजाच्या काळी लिहून काढलं गेलं, हे तिथल्या वंसग्रंथांवरून, म्हणजे बखरींवरून, कळतं. हातात असलेली बहुतेक पाली हस्तलिखितं तर गेल्या काही शतकांतलीच. पण राजस्थानातल्या बैराटच्या लेखात अशोक भिक्षूंना सात धर्मपाठांची नावं घेऊन ते ऐका, मनन करा म्हणतो. त्यातला एक ‘लाघुलोवाद’, म्हणजे राहुलाला खोटं बोलण्याविषयी केलेला उपदेश. तसा उपदेश मज्झिमनिकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात आजही आहे. म्हणजे काही पाठ अशोकाआधीच रूढ होते. कोणते आणि कोणत्या रूपात, ते मात्र एकेक सुत्त हातात घेऊन ठरवावं लागतं.

त्याचा नमुना म्हणून गृहत्यागाचा प्रसंग घे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी, मग मध्यरात्री झोपलेल्या बायको-मुलाकडे एक नजर टाकून घोड्यावरून निघून जाणं, हे आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो. पण मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात बुद्ध स्वतःविषयी सांगतात ते वेगळंच आहे: मी तरुण होतो, केस काळेभोर होते, आईवडिलांची इच्छा नव्हती, त्यांच्या डोळ्यांतून आसवं वाहत होती, तरी मी केस-दाढी उतरवून, काषाय वस्त्रं घालून घर सोडलं. रात्र नाही, घोडा नाही, चोरून जाणं नाही. आणि ती चार दृश्यं? सुत्तांत ती महापदानसुत्तात येतात, आणि तिथे ती विपस्सी नावाच्या आधीच्या बुद्धाची गोष्ट म्हणून सांगितली आहेत. गोव्यातल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी ही विसंगती मराठी वाचकांपुढे स्वच्छ मांडली होती. ते मुळातून वाच. मात्र शाक्य आणि शेजारचे कोलिय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला म्हणून गृहत्याग, या त्यांच्या अनुमानाला मी तेवढं वजन देणार नाही. अट्ठकथांत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या टीकांत, तो तंटा येतो तो बुद्धत्वानंतरचा, आणि तिथे तो मिटवायला खुद्द बुद्धच जातात.

आता अडचणीच्या जागा. भक्त आपल्या गुरूविषयी कमीपणाची गोष्ट सहसा मुद्दाम रचत नाही. बोधीनंतर वाटेत उपक नावाचा आजीवक, म्हणजे दुसऱ्या पंथाचा संन्यासी, भेटतो. बुद्ध त्याला सांगतात, मी सर्वज्ञ आहे, मला कुणी आचार्य नाही. तो म्हणतो, ‘असेलही बाबा,’ मान हलवतो आणि आडवाटेने चालू लागतो. अशी फजिती कोण कशाला रचेल? महापरिनिब्बानसुत्तात चुंद नावाच्या यजमानाकडच्या जेवणानंतर बुद्धांना रक्ताची हगवण लागते, आणि कुसिनारेत पोचल्यावर त्यांचा शिष्य आनंद तक्रार करतो की या फुटकळ, आडबाजूच्या गावात देह ठेवू नका, चंपा, राजगृह, श्रावस्ती अशी मोठी नगरं आहेत. त्यावर उत्तर येतं की पूर्वी इथेच महासुदस्सन चक्रवर्तीची भव्य राजधानी होती. या उत्तरात ठिगळाची शिवण स्पष्ट दिसते. कुसिनारेतला मृत्यू ही मुळातली आठवण असावी, ती पुसता आली नाही म्हणून राजधानी वर जोडली. एवढं मात्र सांभाळ: आपल्याला जे लाजिरवाणं वाटतं ते त्यांना तसं वाटत होतं का, हे दर वेळी तपासायला लागतं.

साक्षीदार मोजताना तू पाली सुत्त, त्याचं आगम नावाच्या चिनी सुत्तसंग्रहातलं भाषांतर आणि संस्कृत तुकडे असे तीन धरलेस. ते तीन नाहीत, एकाच परंपरेच्या शाखा आहेत. त्यांच्यात जुळतं ते शाखा फुटण्याआधीचं असण्याची शक्यता मोठी, एवढंच म्हणता येईल. खरा स्वतंत्र साक्षीदार म्हणजे विरोधक. बौद्ध सुत्तांत निगण्ठ नातपुत्ताचा, म्हणजे महावीरांचा, उल्लेख पदोपदी हेटाळणीने येतो, आणि म्हणूनच महावीरांच्या ऐतिहासिकतेसाठी तो फार उपयोगी पडतो.

सनावळीच्या तक्त्यात बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचं, म्हणजे मृत्यूचं, साल म्हणून इसवी सनापूर्वी 483 हा आकडा ठामपणे देऊ नकोस. अशोकाचा काळ पक्का आहे, कारण तेराव्या शिलालेखात त्याने अंतियोक, तुरमय वगैरे, ज्यांचा काळ ठाऊक आहे अशा ग्रीक राजांची नावं दिली आहेत. पण महापरिनिर्वाण त्याच्या अभिषेकाच्या 218 वर्षं आधी, असं सिंहली परंपरा म्हणते, तर उत्तरेकडची परंपरा सुमारे 100 वर्षं म्हणते. दोन्ही मतं तक्त्यात शेजारीशेजारी दे. लुंबिनीच्या मंदिराखाली लाकडी बांधकामाच्या खुणा सापडल्याची 2013 सालची बातमी तू तळटीपेत घातली आहेस. तिथे जुनं पूजास्थान होतं, एवढंच त्यातून निघतं, आणि तेही सर्वांना मान्य नाही. ती टीप पुरावा म्हणून वापरू नकोस.

आता असं कर. अरियपरियेसनसुत्त आणि महापदानसुत्त दोन रकान्यांत समोरासमोर उतरवून काढ. प्रत्येक वाक्यापुढे लिही: हे कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, आणि त्याला हे कसं कळलं असेल? त्यानंतरच दुसरं प्रकरण पुन्हा लिहायला बस. दिवाळीच्या सुट्टीआधी पाठवलंस तर मला निवांत वाचता येईल. पाली पाठ देवनागरीतच छापून आण, मोबाईलच्या पडद्यावर माझे डोळे दुखतात.

कळावे,
तुझे सर