विणणाऱ्या मंडळींत शिरायचं कसं? – वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

गेल्या अंकात क्रोशावर लिहिलं आणि मेलचा नुसता पाऊस पडला. गंमत म्हणजे टाक्यांबद्दल फार थोड्यांनी विचारलंय, बाकी सगळ्यांचं एकच, की सोबत कुणी नाही हो. म्हणून यावेळी तेच प्रश्न घेतलेत.

ताई, मी ठाण्यात राहते, आयटीत आहे. यूट्यूब बघून क्रोशा शिकले. साखळी, मुका खांब, खांब हे टाके जमतात. दोन कोस्टर आणि एक मफलर झालाय, पण मफलर वरवर निमुळता होत गेलाय. एखाद्या ग्रुपमध्ये जावंसं वाटतं पण तिथे सगळ्या एक्स्पर्ट असणार. अजून थोडं शिकून मग जाऊ का?

अगं नको! थोडं शिकून मग जाते म्हणणारी कधीच जात नाही. तो निमुळता मफलरच घेऊन जा. बहुतेक तुझा ओळीतला शेवटचा खांब सुटतोय, वळताना घातलेल्या साखळीत तो घालायचा राहतो, म्हणून दर ओळीला एक टाका कमी. व्हिडिओला तुझा हात दिसत नाही ना, शेजारी बसलेल्या बाईला दोन मिनिटांत दिसतो. ग्रुपचा खरा फायदा हा आहे, बाकी चहा-भजी वगैरे नंतर.

आता शोधायचं कुठे, तर आधी लोकरीचं दुकान गाठ. दादर, क्रॉफर्ड मार्केट, पुण्यात तुळशीबाग, रविवार पेठ, आणि तुझ्या ठाण्यातही असेलच एखादं. दुकानदाराला बरोबर माहिती असतं की कोण बाई एकदम वीस गुंडे उचलते, कोण शिकवते, कुणाची भिशी आता विणकामाची भिशी झालीय. फक्त शनिवारी संध्याकाळी जाऊन विचारू नकोस, गर्दीत तो तुला सुटे पैसे देण्यापलीकडे काही सांगणार नाही, आठवड्यातल्या कुठल्यातरी दुपारी जा. आणि लोकलने जात असशील तर छोटंसं काम पर्समध्ये ठेव, बसायला मिळालं की काढ. लेडीज डब्यात हातात क्रोशा दिसला की दोन स्टेशनांत कुणीतरी 'हे कसं केलं' विचारतंच.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी जगभर लोक उघड्यावर बसून विणतात, 2005 पासून हे चालू आहे. आपल्याकडे जून म्हणजे पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे बागेपेक्षा सोसायटीचा पार्किंग बरा, पण तिघीजणी जमल्या तरी झालं की.

आणि एकत्र काम करायची संधी आली तर सोडू नकोस. 2016 च्या जानेवारीत चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या ग्रुपने 11,148.5 चौरस मीटरचं ब्लँकेट करून गिनीज रेकॉर्ड केलं, देशभरातल्या बायकांनी आपापल्या घरी साधारण मीटर-मीटरचे तुकडे विणून पाठवले आणि मग ते जोडले. यात एक्स्पर्ट असण्यापेक्षा माप पाळणं महत्त्वाचं होतं. कुठल्याही ग्रुपमध्ये हेच बघ, सहा इंचाचा चौकोन सांगितला की सहाचाच करायचा, 'मी जरा मोठा आणि फुलांचा केला' हे जोडणारीच्या डोक्याला ताप असतं. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी सुती दोऱ्याचे हलके कृत्रिम स्तन विणून फुकट देणारे लोकही आपल्याकडे आहेत, तिथे तर दोरा कुठला, भरायचं काय, सगळं ठरलेलं असतं, ते विचारूनच सुरू करायचं.

मी 67 वर्षांचा, सांगली, बँकेतून निवृत्त. स्वेटर विणायला शिकायची फार इच्छा आहे. घरात सगळे हसतात. पुरुषाला अशा ग्रुपमध्ये घेतात का?

काका, हसू दे त्यांना. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात टाकिले नावाचं बेट आहे, तिथे टोप्या पुरुषच विणतात, मुलगे लहानपणीच शिकतात. एवढ्या लांब कशाला, आपल्याकडे घोंगडी विणणारे सनगर बघा, खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर पुरुषच बसत आलेत. ग्रुपमध्ये घेतात, पहिल्या दिवशी जरा कुजबुज होईल, दुसऱ्या दिवशी तुम्हाला लोकरीचा हिशोब करायला बसवतील, बँकेतले ना तुम्ही.

सुया 8 नंबरच्या घ्या, म्हणजे 4 मिलिमीटर. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यामुळे 12 नंबर मोठा असेल समजून आणलात तर डोळे आणि धीर दोन्ही जाईल. लोकर फिक्या रंगाची घ्या, काळ्यात टाके दिसत नाहीत. स्वेटर नंतर, आधी सुलट-उलट टाक्यांचा मफलर होऊ दे. काकूंना येत असेल तर त्यांच्याकडे शिकू नका असं माझं स्पष्ट मत आहे 😄

मी मिशिगनला असते, नवीन आलेय, ओळखी नाहीत. इथल्या विणकामाच्या ग्रुपमध्ये जायला भीती वाटते, इंग्लिश बोलताना अडखळते.

पब्लिक लायब्ररीत चौकशी कर, तिकडे बऱ्याच लायब्ररींत विणणाऱ्यांचा ग्रुप जमतो, पैसे पडत नाहीत. लोकरीच्या दुकानांतही संध्याकाळी बसतात, फक्त त्यांच्या टेबलावर बसलीस तर अधूनमधून एखादा गुंडा त्यांच्याकडूनच घे, ही रीत आहे. बोलायचं टेन्शन नको, सगळ्यांच्या माना खाली असतात, गप्प बसलं तरी कुणाला खटकत नाही. एकच लक्षात ठेव, आपला मुका खांब तिथे सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे, तेव्हा पॅटर्न, म्हणजे टाक्यांची लिहिलेली कृती, कुठली ते आधी बघायचं.

मी इचलकरंजीचा, चोवीस वर्षांचा. विकतची अ‍ॅक्रिलिक लोकर नको, स्वतः सूत कातायचंय, तेही आपल्या मेंढ्यांच्या लोकरीचं. कुणाकडे जाऊ?

अरे, तुझ्या अगदी शेजारी पट्टणकोडोली आहे की! विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात ते तू पाहिलंच असशील. यात्रेत नको जाऊस, तेव्हा कुणाला वेळ नसतो, एरवी जा, धनगरांशी आणि घोंगडी विणणाऱ्यांशी बोल. दख्खनी मेंढीची लोकर राठ, काळी, केसाळ असते, अंगाला टोचते, तिचा स्वेटर होणार नाही हे आधीच मनाशी धर. आसन, गालिचा, पिशवी मात्र झकास. गिऱ्हाईक नाही म्हणून हल्ली बरीच लोकर टाकून देतात, तरी फुकट मागू नकोस, पैसे देऊनच घे. ज्या आजी अजून कातत असतील त्यांच्याजवळ दोन-चार दुपारी बस, पिंजण्यापासून शिक. मोबाईल लगेच काढू नको, आणि काढायचाच तर विचारून. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात तेही बघून घे, हे सगळं पुस्तकात एवढं नीट सापडत नाही.

नुसतं कातणं शिकायचं तर आधी टकळी, म्हणजे हाताने फिरवायची चाती, आणि कापसाचे पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकट्या, घे. सूत शंभरदा तुटेल, तुटू दे. घरात कुणी सत्तरीपुढचं असेल तर विचार, त्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी शाळेत टकळी चालवलीय. आणि लोकर घरी साठवणार असशील तर धुऊन कडक वाळवूनच ठेव, कसर लागली की सगळं गेलं.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विकतच्या पॅटर्नच्या पीडीएफ फुकट फिरतात. सगळ्याच घेतात. मी घेऊ का?

नको. एका स्वेटरचे सात साइझ काढायचे म्हणजे डिझायनर महिना-महिना टाके मोजत बसते, आणि ते आपण फॉरवर्ड करून मोकळे. रॅव्हेलरी या विणकामाच्या वेबसाइटवर फुकटचे पॅटर्न ढिगाने आहेत, फ्रीचा फिल्टर लाव आणि त्याची लिंक ग्रुपवर टाक, फाइल नको. अ‍ॅडमिन ऐकत नसेल तर निदान तू पुढे पाठवू नकोस.