“संशोधनाचा अनुभवच नाही, मग अर्जात लिहू काय?”

दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे विज्ञान शाखेची मुले माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या मोठ्या संस्थेत दोन महिने संशोधन करता येते आणि त्यासाठी विद्यावेतनही मिळते, हे त्यांना कुणाकडून तरी कळलेले असते. अर्ज उघडून नाव, पत्ता, गुण इथपर्यंत भरलेलाही असतो. मात्र ‘तुम्हाला कोणत्या विषयावर आणि का काम करायचे आहे’ या रकान्यापाशी हात थांबतो. “मॅडम, अनुभव मिळावा म्हणून तर अर्ज करतोय, आणि अर्जात अनुभवच विचारतात,” असे एका मुलाने मला अगदी कळवळून सांगितले होते.

गेल्या काही वर्षांतील एका विद्यार्थिनीची हकिकत इथे देते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि विषय रसायनशास्त्र होता. वडील शेती करतात आणि जोडीला दुधाचा व्यवसाय. तिला अर्ज करायचा होता तो तीन विज्ञान अकादम्या मिळून चालवतात त्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी. या तीन अकादम्या म्हणजे बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी. या योजनेत विद्यार्थ्याला देशातील एखाद्या संस्थेतील शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम करायला मिळते, विद्यावेतन मिळते आणि जाण्यायेण्याचे रेल्वेभाडेही मिळते. अर्जासोबत एक छोटे टिपण आणि एका शिक्षकाची शिफारस लागते.

तिने टिपण लिहून आणले होते. पहिले वाक्य होते, ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे.’ त्यानंतर प्रतिष्ठित संस्था, उज्ज्वल भविष्य, देशसेवा. इंटरनेटवरचे दोन-तीन नमुने जोडून ते तयार केले होते, हे तिने विचारताच कबूल केले. त्यात तिची लबाडी नव्हती. आपल्यापाशी सांगण्यासारखे काही नाही, अशी तिची खरोखर समजूत होती. ही समजूत मला गुणांच्या काळजीपेक्षा जास्त घातक वाटते, कारण गुण निदान गुणपत्रिकेवर दिसतात; या समजुतीमुळे मात्र माणूस स्वतःच्या कामाकडे पाहायचेच सोडून देतो.

मी तिला टिपण बाजूला ठेवायला सांगितले आणि पुढच्या वेळी प्रॅक्टिकलची वही घेऊन यायला सांगितले. जर्नल नव्हे, कच्ची वही. मी स्वतः रसायनशास्त्राची पदवीधर असल्याने या दोन वह्यांमधला फरक मला ठाऊक आहे. जर्नलमध्ये तीन रीडिंग आणि पुढे त्यांतून ठरलेला एकच आकडा, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, असा सरळ, स्वच्छ तक्ता असतो. तीन आकडे जुळले नाहीत तर जुळवून घेतलेले असतात. काय घडले ते कच्च्या वहीत असते.

तिच्या कच्च्या वहीत शेवटून चौथ्या पानावर पेन्सिलीने गोल केलेले दोन आकडे होते, २४.६ आणि १७.१. विचारले तर म्हणाली, “ते काही नाही, मॅडम. आमच्या बोअरचं पाणी आहे.” पहिल्या वर्षी पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजण्याचा प्रयोग झाला, तेव्हा मार्चमध्ये तिने घरच्या बोअरचे पाणी बाटलीत आणून तपासले होते. चहाच्या पातेल्याला पांढरा थर का बसतो, असे आईने विचारले होते म्हणून. ५० मिलिलिटर पाण्याला ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे जडपणा मोजण्यासाठी वापरतात ते द्रावण, २४.६ मिलिलिटर लागले, तेव्हा दारूसारखा लाल रंग जाऊन निळा आला. म्हणजे लिटरला ४९२ मिलिग्रॅम जडपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे, हे तिला पाठ होते. मग गणपती उठल्यावर तिने पुन्हा तेच पाणी आणले. या वेळी १७.१, म्हणजे ३४२.

“दुसऱ्यांदा का आणलंस? कुणी सांगितलं होतं का?”

“नाही. पाऊस झाल्यावर कमी होतं का, ते बघायचं होतं.”

“मग झालं का कमी?”

ती जरा थांबली आणि म्हणाली, “झालेलं दिसतं. पण दोन्ही वेळचं ईडीटीए वेगळं होतं. त्याची ताकद झिंकच्या प्रमाण द्रावणाशी ताडून बघितली नव्हती. त्यामुळे पाणी बदललं की द्रावण, ते सांगता येत नाही.”

मी तिला म्हटले की हे आत्ता बोललीस तेच लिही. अर्ज इंग्रजीत भरायचा असतो आणि तिथे अनेक मुले अडतात, म्हणून आधी मराठीत, बोलली तसेच लिहून काढायला लावले. प्रश्न कुठून आला, काय मोजले, काय मिळाले, कशाची खात्री नाही आणि दोन महिने मिळाले तर काय शिकायचे आहे. त्यातून सात-आठ वाक्ये निघाली. नंतर ती तिने स्वतःच इंग्रजीत आणली. इंग्रजी साधे होते, एक-दोन ठिकाणी चुकलेले होते. चुका दुरुस्त केल्या, साधेपणाला हात लावला नाही. भूजलाच्या रसायनावर किंवा धातूंच्या आयनांवर काम करणारे मार्गदर्शक यादीतून निवडणेही मग सोपे झाले, कारण काय शोधायचे ते तिला कळले होते.

माझे मत स्पष्ट आहे. निवड करणाऱ्यांना दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडून शोधनिबंधाची अपेक्षा नसते. एखाद्या गोष्टीशी ती कधी स्वतःहून झटली आहे का आणि आपल्याला काय माहीत नाही हे तिला सांगता येते का, एवढे त्यांना पाहायचे असते. तरीही निवड होईलच असे मी कुणाला सांगत नाही. जागा थोड्या आणि अर्ज फार असतात, गुणही पाहिले जातात. म्हणून एकाच अर्जावर थांबू नये. भौतिकशास्त्राच्या मुलांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेकडे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे (टीआयएफआर) आणि मूलभूत विज्ञानाच्या सगळ्यांनीच मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडेही पाहावे. ज्यांना केंद्र सरकारची विज्ञान विद्यार्थ्यांसाठीची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, त्यांच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. तो प्रकल्प केवळ सही-शिक्क्यापुरता उरकणारी मुले पाहिली की मला मनापासून वाईट वाटते.

शिफारसपत्राचा प्रश्न याहून नाजूक निघाला. सरांना विचारायला ती घाबरत होती. वर्गात शंभराच्या वर मुले, सर आपल्याला नावाने ओळखत नाहीत, मग लिहितील काय? तिची शंका रास्त होती. मी तिला कच्ची वही आणि टिपण दोन्ही घेऊन, मुदतीच्या निदान दोन आठवडे आधी, प्रॅक्टिकल संपल्यावर सरांना भेटायला सांगितले. सरांनी ते पान पाहिले आणि म्हणाले, “हे तू मला तेव्हाच का नाही दाखवलंस?” त्याच आठवड्यात त्यांनी तिला प्रमाण द्रावण तयार करून बाटलीतले उरलेले पाणी पुन्हा तपासायला लावले. मग त्यांच्या पत्रात लिहायला त्यांच्या डोळ्यांदेखतची गोष्ट आली.

वडील एकदा सोबत आले होते. त्यांचा विरोध नव्हता, काळजी होती. मुलगी राहणार कुठे, आणि पैसे नंतर मिळणार असतील तर आधी कुठून आणायचे? वसतिगृहाची सोय प्रत्येक संस्थेत सारखी नसते, म्हणून निवड झाल्याबरोबर ते लेखी विचारून घ्यावे, असे मी सांगितले. दुसऱ्या प्रश्नावर मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. तिकीट आणि पहिल्या महिन्याचा खर्च हाताशी ठेवूनच निघावे लागते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “दिवाळीनंतर एक म्हैस आटते, पण दुसरी वेते. बघू.”

तिची निवड झाली, पण पसंतीच्या पहिल्या संस्थेत नाही. आणि लगेच नवी अडचण उभी राहिली. विद्यापीठाची परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि तिकडे हजर व्हायचे मेच्या मध्यावर. ती रडवेली होऊन आली तेव्हा नकाराचे पत्र मनात लिहून झालेले होते. मी तिला फक्त वेळापत्रक जोडून मार्गदर्शकांना तारीख पुढे ढकलण्याची विनंती करायला लावली. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले. परीक्षा देऊन या, आणि आल्यावर पूर्ण आठ आठवडे राहा. निघताना तिने विचारले की बोअरच्या पाण्याची एक बाटली सोबत नेली तर चालेल का. मी म्हटले, बाटली चांगली धुऊन घे आणि वर तारीख लिही.