रामशास्त्र्यांवरची कविता कुठे अडखळते?

तुमच्या दोन ओळी सकाळपासून मोठ्याने म्हणून पाहतोय:

रामशास्त्री उभा राहिला दरबारी
न्याय बोले, न भीती कुणाची उरी

तुम्ही लिहिता, वृत्त भुजंगप्रयात आहे, यमक जुळलंय, तरी पहिली ओळ म्हणताना जीभ अडते. मुळात हा भुजंगप्रयात नाहीच. त्यात ओळ लघूने, म्हणजे ऱ्हस्व उच्चाराच्या अक्षराने सुरू होते: लगागा चार वेळा ('ल' म्हणजे लघू, 'गा' म्हणजे गुरू, दीर्घ अक्षर), मनाच्या श्लोकांसारखी. 'रामशास्त्री' हे नाव पडलं गालगागा, म्हणजे गुरूने सुरू होणारं. आता दुसरी ओळ तोडून बघा: न्यायबो, लेनभी, तीकुणा, चीउरी. गालगा चार वेळा. हे चोख स्रग्विणी वृत्त! दोन्ही वृत्तांची लाट एकच, फक्त सुरुवात वेगळ्या जागी. म्हणून गल्लत होते. तुमच्या कानाने नावाला शोभेल असं वृत्त आपसूक उचललंय, ते मुळीच सोडू नका.

अडतं ते 'दरबारी'पाशी. द आणि र, दोन लघू लागोपाठ. स्रग्विणीत ते कधीच येत नाहीत. शिवाय 'दरबारी' आणि 'उरी' यांत नुसती 'री' जुळते, तिच्या आधीचा स्वर जुळत नाही. असं यमक कानाला उपाशी ठेवतं. मी एवढंच बदललं:

रामशास्त्री उभा राहिला त्या पुरी

पुरी म्हणजे नगरी, इथे पुणे. मात्राही बसली, 'उरी'ला यमकही भरलं.

पण खरा प्रसंग तुम्ही 'न्याय बोले' एवढ्यातच उरकलात, याची मला हळहळ वाटते. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्यापायी रामशास्त्र्यांनी खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. तो शब्द कवितेत यायलाच हवा, आणि तो या वृत्तात बसतो:

एक देहान्त ही शुद्धि आता उरे

'शुद्धी'ची वेलांटी ऱ्हस्व केलीय. पद्यात तेवढी सूट चालते. 'न्यायाधीश' मात्र इथे कोंबू नका, त्यात सलग तीन गुरू आहेत. 'राघोबादादा'त तर पाच! हाक मारायचीच तर 'राघवा' घ्या, तो नेमका गालगा आहे. 'न्यायाधीश' सोडवतच नसेल, तर शार्दूलविक्रीडित हे वृत्त तीन गुरूंनीच सुरू होतं, 'न्यायाधीश उभा' ही तिथली तयार सुरुवात. पण मग एकोणीस अक्षरांची वेगळीच कविता लिहावी लागेल.

'उरे'ला पुरे, स्फुरे, नुरे यांतलं काहीही घ्या. 'खरे' किंवा 'बरे' नको, तिथे पुन्हा 'दरबारी'सारखाच आधीचा स्वर निसटेल.