खुर्च्या कोण आवरतं?

पत्र, थोडक्यात: 14 महिने दारूचा थेंब घेतलेला नाही. रोज अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जातो, मनापासून शेअरिंग करतो, म्हणजे आपले अनुभव सांगतो, लोक कौतुक करतात. घरी मात्र काडीची किंमत नाही. बायको म्हणते, "आधी दारू होती, आता मीटिंग आहे." खुर्च्या आवरायला बरेच जण असतात म्हणून मीटिंग संपली की लगेच निघतो, तरी घरी कुणी दोन शब्द बोलत नाही. हल्ली पुन्हा ओढ लागते. बायकोला कसं समजावू?

बायकोला समजावायचं राहू द्या. मी त्या खुर्च्यांपाशी अडकलेय. "बरेच जण" म्हणजे कोण हो? 14 महिन्यांत त्यातल्या एकाचं तरी नाव विचारलंत? पूर्वी सगळं घर तुमच्या पिण्याभोवती फिरत होतं, आता न पिण्याभोवती फिरावं अशी तुमची अपेक्षा आहे. बायको वेगळं काय सांगतेय?

मे 1935 मध्ये अमेरिकेतल्या अक्रन शहरातल्या एका हॉटेलात, नुकतीच दारू सोडलेला बिल विल्सन असाच तळमळत होता. काम फिसकटलेलं, पलीकडे बार. त्याने फोन फिरवले ते बोलायला दुसरा दारुडा शोधण्यासाठी. त्यातून डॉ. बॉब हे दारूत अडकलेले डॉक्टर भेटले आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झाली. त्याआधी पाचएक महिने तो दारुड्यांच्या मागे लागला होता. सुधारला एकही नाही, पण तो स्वतः सोबर राहिला. त्यांच्या बारा पायऱ्यांतली बारावी, दुसऱ्या दारुड्याला मदत करायची पायरी, आली ती इथून.

तेव्हा पुढचे तीन महिने मीटिंगच्या अर्धा तास आधी पोचायचं. झाडायचं, खुर्च्या मांडायच्या. संपल्यावर खुर्च्या रचायच्या, कप धुवायचे. शेअरिंग दोन मिनिटांत आवरायचं. ओढ लागली तर त्याच क्षणी स्पॉन्सरला, म्हणजे तुम्हाला वाट दाखवणाऱ्या जुन्या सदस्याला फोन. घरी मात्र या सेवेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. चौथ्या दिवशी "आज चाळीस कप धुतले" असं ऐकवायची खुमखुमी येईल, आणि तेव्हा तुमचा स्वतःचा कप घरच्या सिंकमध्ये तसाच पडलेला असेल.

शेवटच्या रांगेत, दाराजवळ नवीन माणूस बसतो. मीटिंग संपताच तो पळतो. तुम्हीही पळत असल्यामुळे तो तुम्हाला कधी दिसलाच नाही. त्याला तुमची कर्मकहाणी नको आहे. नाव विचारा, आपला नंबर द्या, त्याचा मागा, सकाळी फोन करा. उसने पैसे देऊ नका. त्याच्या घरी जायचं झालं तर जोडीने जा. हात कापत असतील, घाम फुटला असेल तर उपदेश बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, जीवही जातो. आणि तो पुन्हा प्यायला तर तो तुमचा अपमान नव्हे, हेही आत्ताच सांगून ठेवते. तुम्हाला तसं वाटणारच आहे.

उद्या अर्धा तास आधी पोचा. हॉलची किल्ली कुणाकडे असते, ते आजच विचारून घ्या.