जीवाणू मारणारे प्रत्येक संयुग औषध का ठरत नाही?

आपण लातूरला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि आपण तयार केलेल्या क्विनोलिन संयुगाभोवती ई. कोलाय या जीवाणूच्या प्लेटवर, जीवाणू न वाढलेला 18 मिलिमीटरचा घेर आला, तेव्हा ते औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंवरही चालेल का, असे आपण विचारले आहे. छत्रपती संभाजीनगरात याच कामात मी काही वर्षे घालवली आहेत, म्हणून आधी माझाच एक प्रश्न: प्लेटवर ई. कोलायचा वाण कोणता होता? आपल्याकडे सहसा एटीसीसी 25922 हा चाचण्यांसाठीचा प्रमाण वाण वापरतात. तो नेहमीच्या प्रतिजैविकांनीही मरतो, त्यामुळे त्याला मारून औषधांना न जुमानण्याविषयी काहीच कळत नाही.

घेराच्या मापावरही फार विसंबू नये, कारण संयुग आगारमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, किती पसरते यावर ते अवलंबून असते. त्यापेक्षा 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये मात्रा निम्मी-निम्मी करत किमान रोधक मात्रा, म्हणजे जीवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढावी. रेसाझुरिन हा रंग टाकल्यावर जिवंत जीवाणूंचे खळगे निळ्याचे गुलाबी होतात आणि जिथे निळा रंग टिकतो तिथली सर्वांत कमी मात्रा हेच आपले उत्तर.

खरी अडचण ई. कोलायच्या बाहेरच्या पटलात आणि आत आलेले औषध परत बाहेर फेकणाऱ्या पंपांत आहे. लिनेझोलिड हे संपूर्णपणे कृत्रिम औषध 2000 साली अमेरिकेत मंजूर झाले. एमआरएसएवर (मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस जीवाणूवर) ते उत्तम चालते, ई. कोलायवर मात्र नाही; तेच पंप काढून टाकलेला ई. कोलाय मात्र त्याला बळी पडतो. म्हणजे लक्ष्य तेच असून वाट अडलेली असते. आपले संयुग अशा पंपहीन वाणावरही तपासून पाहावे; मात्रा एकदम उतरली, तर अडचण कुठे आहे हे समजेल.

माझ्या एका संयुगाला कार्बनची लांब साखळी जोडली, तेव्हा किमान रोधक मात्रा मिलिलिटरला 64 वरून 4 मायक्रोग्रॅमवर आली आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते. मग ते मेंढीच्या रक्तपेशींत मिसळले, तर अर्ध्या तासात नळीतला वरचा द्राव लालभडक, म्हणजे रक्तपेशीच फुटल्या! पटल फोडणाऱ्या संयुगाला पटल कोणाचे आहे याच्याशी देणेघेणे नसते.

याउलट चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे संशोधन केंद्र आहे, त्या वोक्हार्टचा झिडेबॅक्टम पाहा. हा कृत्रिम रेणू जीवाणूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या पीबीपी 2 या प्रथिनाला धरतो, सेफेपाइम हे प्रतिजैविक प्रामुख्याने तशाच पीबीपी 3 ला धरते आणि दोघांच्या जोडीपुढे एनडीएम हे प्रतिजैविके मोडणारे विकर बाळगणारे अनेक जीवाणूही नमतात. तिथे रेणू आधी बनवून मग काम शोधलेले नाही.

औषधांना न जुमानणाऱ्या वाणांसाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी बोलावे आणि चाचणी तिथेच करून घ्यावी. तसले वाण डब्यात घालून एसटीने आणायचे नसतात.